बर्बन स्ट्रीट राहू द्या, रविवारची मिरवणूक धरा

ह्यूस्टनला राहणारं एक मराठी कुटुंब मार्चमध्ये चार दिवसांसाठी न्यू ऑर्लिन्सला येतंय. अकरा वर्षांचा मुलगा तबला शिकतो. वडिलांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: जॅझ याच गावात का जन्मला, हे मुलाला कळेल असं सांगाल का? बर्बन स्ट्रीटवर, म्हणजे पर्यटकांनी गजबजलेल्या त्या रस्त्यावर, एक संध्याकाळ घालवली तर पुरे का? आणि इथली कला, संगीत, इतिहास एकत्र बघायला मिळेल असं संग्रहालय कोणतं?

मी या शहरात चोवीस वर्षं स्नेअर ड्रम, म्हणजे खालच्या बाजूला तारा लावलेला छोटा ढोल, वाजवते, शाळेतल्या मुलांना शिकवते. त्याआधी डोंबिवलीत दहा वर्षं तबला शिकले. त्यामुळे पहिल्या प्रश्नाला मी तुमच्या मुलाच्या बाजूनेच हात घालते.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात एका रविवारी मी ट्रेमे या जुन्या वस्तीत मिरवणुकीमागे चालत होते. उत्साहात टाळ्या देत होते, आणि प्रत्येक टाळी समेवर पडत होती, आपल्याला सवयच तशी. शेजारी बेस ड्रम वाजवणारे सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनी वाजवता वाजवता काठी काखेत धरली, माझं मनगट पकडलं आणि टाळी दुसऱ्या मात्रेवर नेऊन ठेवली. मग चौथ्या. एक शब्द बोलले नाहीत. पाऊल एक आणि तीनवर, टाळी दोन आणि चारवर. ते जमल्याबरोबर अंग आपोआप हलायला लागलं. समेवर टाळी दिली की चाल कवायतीसारखी होते. टाळी मागे सरकवली की दोन टाळ्यांच्या मध्ये कमरेला जागा मिळते. नाचायची ती जागा.

आता मुलाला हे करायला सांगा. आठ मात्रा मोजायच्या आणि पहिली, चौथी, सातवी एवढ्याच वाजवायच्या. तीन, तीन, दोन. उजव्या हाताने हे चालू ठेवून डाव्या पायाने एक, तीन, पाच, सात धरायचं. चौथ्या मात्रेवरचा आघात पायाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडेल आणि हात-पायांत ओढाताण सुरू होईल. हा तीन-तीन-दोनचा नमुना पश्चिम आफ्रिकेतून निघाला, हैती आणि क्युबात मुरला आणि तिथून या बंदरात उतरला. ट्रंपेटसारखं कॉर्नेट, पियानो, शाळेचा बँड, आजची रस्त्यावरची पोरं, सगळ्यांच्या वाजवण्यात तो सापडतो. जेली रोल मॉर्टन हा इथलाच पियानोवादक. १९३८ मध्ये त्याने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी तासन्‌तास ध्वनिमुद्रण केलं. पियानोवर वाजवून दाखवत त्याने सांगितलं की हा स्पॅनिश रंग अंगात भिनला नसेल तर जॅझचा मसाला नीट पडायचा नाही. तो ज्याला स्पॅनिश म्हणत होता, त्यातला मोठा वाटा आफ्रिकेचा होता.

आता हा ताल इथे टिकला आणि बाकी अमेरिकेत का टिकला नाही, याकडे येते.

दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये गुलामांचं बंड झालं. पुढच्या वर्षी तिथे कायदा आला आणि गुलामांनी ढोल वाजवायला बंदी झाली, कारण ढोलावरून इशारा देता येतो. इंग्रजांच्या इतर वसाहतींतही मालकांना तीच धास्ती. न्यू ऑर्लिन्स मात्र इंग्रजांचं नव्हतं. फ्रेंचांनी ते १७१८ मध्ये वसवलं, आणि पुढच्याच वर्षी आफ्रिकेतून माणसं भरून आणलेली पहिली जहाजं लुइझियानात लागली. १७२४ च्या फ्रेंच गुलाम-कायद्यात रविवारी काम करून घ्यायला मनाई होती. त्यात दया कसली नव्हती. कॅथलिक धर्माचा सुटीचा दिवस पाळायचा एवढंच. पण त्या एका दिवसाचा लोकांनी उपयोग करून घेतला. गावाच्या मागच्या अंगाला मोकळं मैदान होतं. तिथे बाजार भरायचा, भाजी आणि खाण्याचे पदार्थ विकले जायचे, आणि दुपारी गोल धरून नाच. पुढे स्पॅनिश राज्य आलं, त्यात गुलामाला स्वतःची किंमत भरून सुटायची वाट होती. अशा स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय लोकांची मोठी वस्ती इथे उभी राहिली. सुतार, गवंडी, शिंपी, चर्मकार, वादक. १८०३ मध्ये अमेरिकेने हा सगळा मुलूख विकत घेतला तेव्हा गाव आपल्या सवयींत पक्कं झालेलं होतं.

१८०९ मध्ये आणखी एक लाट आली. हैतीतल्या क्रांतीनंतर क्युबात आसरा घेतलेले नऊ हजारांवर लोक तिथून हुसकावले गेले आणि इथे आले. गोरे, स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि गुलाम, साधारण तिघांचे सारखे वाटे. गावाची लोकसंख्या काही महिन्यांत जवळपास दुप्पट झाली. भाषा फ्रेंच आणि तिच्यातून निघालेली मिश्र क्रिओल, धर्म कॅथलिक, आणि अंगात कॅरिबियन ताल. अमेरिकन कारभारी बावरले. १८१७ मध्ये नगरपालिकेने नियम केला की गुलामांनी नाचगाण्यासाठी फक्त रविवारी जमायचं, तेही महापौर सांगेल त्याच जागी. ती जागा म्हणजे ते मागचं मैदान, काँगो स्क्वेअर. दोन वर्षांनी बेंजामिन लॅट्रोब हा वास्तुशिल्पी तिथून जात असताना त्याला लांबून घोड्यांच्या टापांसारखा आवाज आला. जवळ गेला तर पाचसहाशे लोक वेगवेगळी वर्तुळं करून नाचत होते. त्याने आपल्या वहीत ढोलांचं वर्णन केलं आणि भोपळ्याच्या तंतुवाद्याचं चित्रही काढलं. त्याला ते सगळं रानटी वाटलं, तसं त्याने लिहून ठेवलं. पण ती वही नसती तर त्या दुपारी काय वाजत होतं हे आज आपल्याला कळलं नसतं.

ते मैदान आजही आहे, लुई आर्मस्ट्राँग पार्कच्या आत, रँपार्ट स्ट्रीटला लागून. दगडी फरसबंदी आहे, वडासारख्या पसरलेल्या ओकची सावली आहे. मुलाला तिथे उभं करून तीन-तीन-दोन वाजवायला लावा.

दुसऱ्या बाजूने याच गावात ऑपेरा होता. १७९६ पासून इथे ऑपेरा झाल्याची नोंद आहे, आणि १८५९ मध्ये बर्बन आणि टुलूज रस्त्यांच्या कोपऱ्यावर मोठं फ्रेंच ऑपेरा हाउस उभं राहिलं. १९१९ मध्ये ते जळालं. क्रिओल म्हणवणाऱ्या मिश्रवंशीय घरांतली मुलं तिथे वरच्या गॅलरीत बसून ऐकत. घरी फ्रेंच पद्धतीची तालीम, सनई-जातीतली क्लॅरिनेट, सोलफेज म्हणजे सरगम तोंडपाठ. ही मंडळी कॅनॉल स्ट्रीटच्या खालच्या अंगाला राहत. वरच्या अंगाला मळ्यांवरून आलेले, गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले लोक. त्यांचं गाणं बॅप्टिस्ट चर्चमधलं, गोदीतल्या हमालांचं, ब्लूजच्या वळणाचं. कागदावरचं संगीत वाचता येणाऱ्यांना त्यांचं वाजवणं ओबडधोबड वाटे.

मग कायद्याने या दोघांना एका रांगेत बसवलं. १८९० मध्ये लुइझियानात रेल्वेचे वेगळे डबे करण्याचा कायदा झाला. ट्रेमेमधला होमर प्लेसी हा जोडे शिवणारा क्रिओल माणूस १८९२ मध्ये ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि अटक करून घेतली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८९६ मध्ये निकाल विरुद्ध लागला: वेगळे ठेवले तरी चालेल, सोयी समान असल्या म्हणजे झालं. त्या निकालाने अर्धशतकाहून जास्त काळ माणसं वेगळी केली. क्रिओल वादकांची गोऱ्यांच्या मेजवान्यांतली कामं आटत गेली आणि ते वरच्या अंगाच्या बँडांत आले. जॅझच्या जन्माची गोष्ट बहुतेक जण इथे संपवतात: वाचणारे अधिक ऐकून वाजवणारे, झालं जॅझ. माझ्या मते हे फार सोपं केलेलं आहे. दोन्ही बाजूंची पोरं आधीपासून एकाच मिरवणुकीमागे धावत होती. वरच्या अंगाचे कित्येक जण वाचायला शिकलेले होते, आणि खालच्या अंगाला सिडनी बेशेसारखा क्लॅरिनेटवाला निघाला, जो आयुष्यभर कागदापेक्षा कानावर विसंबला.

बडी बोल्डनचं नाव मुलाला जरूर सांगा. जन्म १८७७, वाद्य कॉर्नेट. जुने लोक सांगत की त्याचा आवाज रात्री मैलोन्‌मैल ऐकू जायचा. त्याचं एकही ध्वनिमुद्रण उरलेलं नाही. संथ ब्लूज, चर्चमधली भजनं, कवायतीच्या चाली हे सगळं त्याने नाचाच्या दिवाणखान्यात आणलं, आणि कवायतीच्या सरळ ठेक्यात दुसऱ्या फेरीच्या चौथ्या मात्रेवर जास्तीचा ठोसा दिला, असं परंपरा मानते. आम्ही त्याला मोठा चौथा म्हणतो, आणि आजही नव्या मुलाला पहिल्या दिवशी तोच शिकवतो. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवलं. १९३१ मध्ये तो तिथेच वारला. त्याला होल्ट स्मशानभूमीत गरिबांच्या जागेत पुरलं आणि नेमकी जागा आता कुणाला दाखवता येत नाही.

स्टोरीव्हिल या वेश्यावस्तीबद्दल तुम्ही वाचलं असेल. १८९७ ते १९१७ ती कायद्याने चालू होती, तिथे पियानोवाले कमावत. पण जॅझ तिथे जन्मला आणि ती वस्ती बंद झाल्यावर शिकागोला गेला, ही कथा सोडून द्या. फ्रेडी केपार्डसारखे लोक आधीच बाहेर पडले होते, आणि शिकागोची वाट लाखो कृष्णवर्णीयांनी धरली ती पगारासाठी आणि जीव वाचवण्यासाठी.

मग हे संगीत जगलं कशावर? माझ्या दृष्टीने सगळ्या उत्तरात महत्त्वाचं हेच आहे.

विमा कंपन्या कृष्णवर्णीयांचा विमा उतरवत नसत, उतरवला तर भाव लावून. दवाखाने दारात उभं करत नसत. तेव्हा लोकांनी मंडळं काढली. महिन्याची वर्गणी भरायची. आजारी पडलात तर मंडळाचा डॉक्टर, औषध मंडळाचं, आणि मेलात तर मंडळ तुम्हाला इतमामाने पोचवेल, बँडसकट. यांची नावं सोशल एड अँड प्लेझर क्लब: मदतही आणि मौजही. यंग मेन ऑलिंपियन हे मंडळ १८८४ चं, आजही मिरवणूक काढतं. वादकाला काम मिळायचं ते या मंडळांकडून. सभासदांच्या वर्गणीवर कितीतरी बँड जगले. जगातल्या दुसऱ्या कुठल्या गावात शिंप्या-हमालांनी स्वतःच्या मरणाची तरतूद करता करता एवढं मोठं संगीत पोसलं असेल, असं मला वाटत नाही.

अंत्ययात्रा कशी निघते ते सांगते, कारण पर्यटकांना तिची फक्त नाचरी बाजू दाखवतात. पुढे ग्रँड मार्शल, काळा पोशाख, छातीवर पट्टा, टोपी काढून हृदयाशी धरलेली, पाऊल टाकून मध्येच थबकणारी चाल. मागे बँड, संथ भजन. स्नेअरच्या खालच्या तारा ढिल्या करतात किंवा तारांखाली रुमाल घालतात, म्हणजे तिचा कडकडाट जाऊन घोगरा, ओला आवाज येतो. मी ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा माझे हात थरथरत होते; इतक्या हळू लयीत दोन ठोक्यांमधली शांतता सांभाळणं द्रुत लयीपेक्षा कितीतरी कठीण. कबरस्तानात विधी झाला, किंवा शववाहिका पुढे जायची वेळ आली, की देह मोकळा करतात. बँड दोन बाजूंना उभा राहतो, मधून गाडी जाते. ती दिसेनाशी झाली की स्नेअरवाला रुमाल काढतो, तारा ताणतो आणि एक कडक रोल देतो. तिथून पुढे नाच. छत्र्या उघडतात, रुमाल हवेत, आजीबाईसुद्धा गुडघे मोडून नाचतात. जे मंडळ आणि बँड पुढे चालतात ती पहिली रांग; आपण सगळे मागे येतो ती दुसरी रांग, सेकंड लाइन. हेच नाव त्या तालालाही आहे आणि रविवारच्या मिरवणुकीलाही.

अंकल लायनेल बटिस्ट हे ट्रेमेचे लाडके बेस ड्रमवाले. २०१२ मध्ये ते गेले तेव्हा घरच्यांनी त्यांना अंत्यदर्शनासाठी पेटीत झोपवलं नाही. नेहमीच्या रुबाबदार सुटात, काळ्या चष्म्यासह, हातात काठी देऊन उभं केलं होतं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. ते जसे कोपऱ्यावर उभे असत तसेच लोकांना शेवटचे दिसले.

आता थोडं माझ्या वाद्याबद्दल, मुलाला आवडेल. रस्त्यावर ढोलाचं काम दोघे करतात. एकाच्या गळ्यात स्नेअर. दुसऱ्याच्या पोटावर बेस ड्रम, त्यावर एक झांज बसवलेली, आणि तिच्यावर वाजवायला डाव्या हातात कपड्यांच्या हँगरची वाकवलेली तार किंवा स्क्रूड्रायव्हर. तारेने झांजेचा आवाज बारीक आणि लखलखीत येतो, टाळांसारखा. हेच दोघे जेव्हा दिवाणखान्यात खुर्चीवर बसले तेव्हा जागा आणि पैसे वाचवायला एकाच माणसाने दोन्ही वाद्यं घेतली. पायाने दाबायचं पेडल आलं, १९०९ पासून शिकागोच्या लुडविग बंधूंनी ते चांगलं करून विकलं, आणि आज जगभर दिसणारा ड्रम सेट घडत गेला. बेबी डॉड्स हा त्या घडणीतला मोठा माणूस. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये तो, त्याचा भाऊ जॉनी आणि तरुण लुई आर्मस्ट्राँग एकत्र वाजवत होते. शिकागोत वाजवत होते, पण सगळे या गावचे. पुढे ट्रेमेचाच अर्ल पामर आला, लहानपणी टॅप नाचणारा. १९४९ च्या डिसेंबरात रँपार्ट स्ट्रीटवरच्या कोसिमो मटासाच्या छोट्या स्टुडिओत पियानोवादक-गायक फॅट्स डॉमिनोचं पहिलं मोठं गाणं मुद्रित झालं, त्यावर पामरने दोन आणि चारवर जो ठाम ठोका ठेवला तो पुढे रॉक अँड रोलचा कणा झाला. १९५५ मध्ये गायक लिटल रिचर्डलाही तिथेच, पामरच्याच ड्रमवर, सूर सापडला. मग ड्रमवाल्या झिगाबू मॉडेलिस्टने तोच रस्त्यावरचा ताल तुकडे करून पसरला आणि फंक उभं राहिलं. या तिघांच्या वाजवण्यात मोठा चौथा शोधायला मुलाला लावा. एक महिना पुरेल एवढा अभ्यास आहे.

आर्मस्ट्राँगबद्दल सगळीकडे मिळेल, म्हणून दोनच गोष्टी. लिथुएनियातून आलेल्या कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाच्या गाडीवर तो लहानपणी काम करी. पहिलं कॉर्नेट घ्यायला त्यांनी मदत केली. साउथ रँपार्ट स्ट्रीटवरची त्यांची दुकानाची इमारत अनेक वर्षं दुर्लक्षित राहिली आणि २९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा वादळात कोसळली. दुसरी गोष्ट: १९५६ मध्ये लुइझियानाने गोऱ्या-काळ्यांनी एका रंगमंचावर वाजवायला बंदी केली. त्याच्या बँडमध्ये दोन्ही होते. जगातल्या सगळ्या राजधान्यांत वाजवणारा हा माणूस कायदा जाईपर्यंत, १९६५ पर्यंत, आपल्या जन्मगावी वाजवायला आला नाही.

त्याचा सूर मुंबईलाही पोचला होता. गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, रेकॉर्डी ऐकून ट्रंपेट त्याच्या ढंगाने वाजवू लागले, सी. रामचंद्रांच्या गाण्यांत तो ट्रंपेट आहे. तुमच्या घरी आजी-आजोबांनी ती गाणी ऐकवली असतील तर मुलाचा कान अर्धा तयार आहे.

कलेबद्दल विचारलंत. एदगार देगा हा फ्रेंच चित्रकार १८७२-७३ च्या हिवाळ्यात इथे आईच्या नातेवाइकांकडे राहिला आणि त्याने कापसाच्या कचेरीचं प्रसिद्ध चित्र काढलं. ते चित्र फ्रान्समध्ये आहे. सिटी पार्कमधल्या कलासंग्रहालयात त्याने काढलेलं वहिनीचं चित्र बघायला मिळेल. तिथेच जॉन स्कॉट या इथल्याच शिल्पकाराचं काम बघा. धातूत सेकंड लाइनची हालचाल आहे.

पण या गावची सगळ्यात मोठी चित्रकला मला मण्यांची वाटते. कृष्णवर्णीय कामकरी माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून मार्डी ग्राला, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या मुख्य दिवशी, मूळ अमेरिकन आदिवासींच्या पोशाखांवरून स्फुरलेले पोशाख घालून निघतात. पळून गेलेल्या गुलामांना त्या लोकांनी आसरा दिल्याची आठवण ते त्यामागे सांगतात. एकेक टोळी, तिचा बिग चीफ, पुढे जाऊन रस्ता पाहणारा हेर, निशाणवाला. पोशाख स्वतः शिवायचा, हाताने. वर्षभर रोज रात्री जेवण झालं की सुई, मेणाचा दोरा, कॅनव्हास आणि काचेचे मणी. बोटांना घट्टे पडतात. वरच्या अंगाच्या टोळ्या मण्यांनी चित्रं भरतात, लढाया, पूर्वज, प्रसंग. खालच्या अंगाच्या टोळ्या पुठ्ठा आणि मणी यांतून उठावदार, शिल्पासारखे आकार बांधतात. त्यावर शहामृगाची पिसं. शंभर पौंडांचा पोशाख अंगावर घेऊन माणूस दिवसभर चालतो, गातो आणि पुढच्या वर्षी नवा शिवतो.

अ‍ॅलिसन टूटी मोंटाना हे त्यातले सर्वांत मोठे कारागीर. पोटासाठी भिंतींच्या गिलाव्याखालचं जाळीचं काम करत; आकार बांधायची ती नजर त्यांनी पोशाखात आणली. पूर्वी टोळ्या समोरासमोर आल्या की सुरे निघत. मोंटानांनी पन्नास वर्षांत ती भांडणं सुईवर आणली: कोण जास्त सुंदर, एवढंच ठरवायचं. २००५ मध्ये सेंट जोसेफच्या रात्री, म्हणजे १९ मार्चला, पोलिसांनी टोळ्यांना दमदाटी करून हटवलं. जूनमध्ये नगरपालिकेच्या सभेत ते याबद्दल बोलायला उभे राहिले, हे थांबलं पाहिजे म्हणाले, आणि तिथेच कोसळले. सभागृहातल्या चीफ लोकांनी त्यांचं प्रार्थनागीत सुरू केलं. वय ८२ होतं.

दोन महिन्यांनी, २९ ऑगस्टला, कतरिना वादळ. बांध फुटले, शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. तुमच्या ह्यूस्टनने तेव्हा लाखाहून जास्त लोकांना आसरा दिला. त्यात मीही होते, एका मराठी घराच्या हॉलमध्ये सहा आठवडे. २००० च्या जनगणनेत इथे ४,८४,६७४ लोक होते, २०१० मध्ये ३,४३,८२९. मधल्या काळात घरभाडी वाढली, ट्रेमेमधली जुनी घरं बाहेरच्यांनी घेतली. मिरवणुकीच्या पोलीस-परवान्याची फी काही पटींनी वाढवली. क्लब कोर्टात गेले आणि ती कमी करून घेतली. २००७ मध्ये टुबा हे मोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्या एका वादकाच्या शोकयात्रेत पोलिसांनी भजन मध्येच थांबवून वादकांना धरलं. ट्रेमेत नव्याने राहायला आलेल्या काहींना आवाजाचा त्रास होतो असं सांगितलं गेलं. त्या वस्तीत दोनशे वर्षं हाच आवाज होता.

त्याच्याही आधीचा घाव बघायचा असेल तर क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यूवर जा. ओकच्या रांगांमधली रुंद हिरवळ होती. मार्डी ग्राला कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे दिवसभर असत, दोन्ही बाजूंना त्यांचीच दुकानं, विम्याच्या कचेऱ्या, अंत्यविधीची घरं. १९६६ मध्ये झाडं तोडली आणि वरून महामार्गाचा पूल नेला. त्याच सुमाराला फ्रेंच क्वार्टर या गावाच्या मूळ जुन्या भागाच्या नदीकाठाने दुसरा महामार्ग जाणार होता. तो १९६९ मध्ये रद्द झाला. क्वार्टर वाचवायला वजनदार माणसं होती. पुलाचे खांब आता स्थानिक चित्रकारांनी रंगवले आहेत, त्यांवर झाडं आहेत, वादक आहेत. मिरवणूक त्याच्याखाली शिरली की बँड मुद्दाम थांबतो, कारण काँक्रीटला आपटून आवाज तिप्पट होतो. सगळे ट्रंपेट वर होतात. मुलाच्या कानाला बोळे लावा आणि त्याला तिथे उभं राहू द्या.

आता चार दिवसांचं बोलू. बर्बन स्ट्रीटवर अर्धा तास चाला, ऑपेरा हाउसचा कोपरा बघा आणि पुढे व्हा. मुलासाठी प्रिझर्व्हेशन हॉल उत्तम: १९६१ पासूनची छोटी, पडक्या भिंतींची खोली, दारू नाही, बाकावर बसायचं, ध्वनिवर्धकाशिवाय ऐकायचं. ड्रमवाला दिसेल असं बसा. जुन्या टांकसाळीतल्या जॅझ म्युझियममध्ये एक सकाळ घाला. ट्रेमेमधलं बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियम छोटं आहे, पण तुम्ही विचारलेलं सगळं एकत्र तिथेच मिळेल: मण्यांचे पोशाख, क्लबांचे पट्टे, अंत्ययात्रांची छायाचित्रं. सिल्व्हेस्टर फ्रान्सिस या माणसाने आयुष्यभर मिरवणुकांमागे कॅमेरा घेऊन चालत ते जमवलं.

तारखा तुमच्या हातात असतील तर १९ मार्च धरा. सेंट जोसेफच्या रात्री टोळ्या अंधारात निघतात. मार्ग जाहीर नसतो, वेळही नसते. सेकंड स्ट्रीट आणि ड्रायड्स या कोपऱ्यावर संध्याकाळी जाऊन थांबायचं. आधी खंजिऱ्या ऐकू येतील, मग पिसं दिसतील. त्याच सुमाराच्या एका रविवारी दिवसाउजेडी मोठी मिरवणूक असते, लहान मुलांसाठी ती सोयीची.

आणि नेहमीची सेकंड लाइन जवळजवळ दर रविवारी दुपारी, उन्हाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर. मार्ग डब्ल्यूडब्ल्यूओझेड या रेडिओ केंद्रावर कळतो, ९०.७ एफएम. चार तास चालायचं असतं; पाणी, चांगले बूट आणि सुटे डॉलर घ्या, कारण वाटेत टेंपोच्या मागे कोळशावर सॉसेज आणि कोंबडी भाजत असतात. क्लब आणि बँडच्या भोवती धरलेल्या दोराच्या आत शिरू नका, ती जागा क्लबची. फोटो काढण्याआधी नजरेने विचारा. शोकयात्रा असेल तर फोन खिशात. बँडच्या बादलीत नोटा टाका. ते त्या पोरांचं भाडं असतं.

मुलाला एखादी काचेची रिकामी बाटली आणि एक काठी देऊन दुसऱ्या रांगेत सोडा. बाटलीवर तीन-तीन-दोन धरणारी त्याच्या वयाची चार पोरं त्याला तिथे सापडतील, आणि टाळी चुकली तर मनगट धरणारं कुणीतरी नक्की असेल.